भंगाराच्या काट्याआधी

संगणक बंद पडला म्हणून त्यातले सगळे भाग मेलेले नसतात. एखादा कपॅसिटर फुगतो, पंखा अडकतो, मदरबोर्डला गंज धरतो. रॅम, डिस्क, प्रोसेसर, पडदा यांतले बरेच काही धडधाकट असते. भंगाराच्या काट्यावर मात्र सगळ्याचा हिशेब किलोने. 2022 साली जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम 22.3 टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेला, असे संयुक्त राष्ट्रांचा 2024 चा अहवाल सांगतो. आपली सगळी चर्चा या टक्केवारीभोवती फिरते. पण चिपचा चुरा केला की तांबे मिळते, थोडे सोने मिळते, चिप काही परत मिळत नाही. ती घडवताना खर्ची पडलेली वीज, अतिशुद्ध पाणी आणि रसायने त्या चुऱ्यात कायमची बुडतात. म्हणून आधी चालू भाग काढून घ्यावेत, धातूचा विचार नंतर करावा. हा क्रम पाळण्याची कुवत उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात आहे, आणि ती वापरली जावी असे मला मनापासून वाटते.

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना आणून ठेवले आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. आजही तिथला पत्ता कॅम्प नंबरानेच सांगतात. बराकींत संसार मांडलेल्यांनी हाताशी जे होते त्यातून धंदे उभे केले, आणि मुंबईने त्यांना नकलेचा माल बनवणारे म्हणून हिणवले. त्या हिणवण्यात त्यांच्या कसबाकडे दुर्लक्ष झाले. वस्तूची नक्कल करायची तर ती आधी खोलावी लागते, कोणता भाग काय करतो आणि त्याच्या जागी दुसरे काय चालेल हे उमगावे लागते. जुन्या भागांच्या पुनर्वापराला नेमके हेच लागते. अंबरनाथच्या मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीने आणि औद्योगिक वसाहतीने फिटर-टर्नरांच्या पिढ्या घडवल्या. बदलापुरात स्वस्त घरासाठी आलेल्या कितीतरी चाकरमान्यांना मुलांसाठी संगणक हवा असतो आणि नवा परवडत नाही. कसब, हत्यारे आणि गिऱ्हाईक ओळीने लागणाऱ्या तीन स्टेशनांत आहेत.

या कामात खरी किंमत तपासणीची असते. डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय घ्या. मोठ्या प्लगमधली हिरवी वायर काळ्या वायरीला जोडली की तो मदरबोर्डाशिवाय सुरू होतो. पंखा फिरला म्हणून माल चालू ठरत नाही. पिवळ्या वायरीवर 12 व्होल्टचा बल्ब लावून भार द्यायचा आणि मीटर पाहायचा: 11.4 ते 12.6 च्या आत आकडा टिकला तर त्या लाइनीवर भरवसा ठेवता येतो. लाल वायरीवर 5 आणि नारिंगीवर 3.3 व्होल्ट तसेच तपासायचे. एवढे केलेला सप्लाय दुसऱ्या संगणकात जातो किंवा दुकानातल्या एलईडी पट्ट्या चालवतो. मात्र त्याचे झाकण उघडणाऱ्याला हे माहीत हवे की आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही काही काळ 300 व्होल्टच्या वर दाब राहू शकतो.

सगळ्यात वजनदार आक्षेप प्रदूषणाचा. अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवमंदिराशेजारून वाहणाऱ्या वालधुनीची काय दशा झाली हे इथल्या माणसाला सांगायला नको. 2014 मध्ये तिच्यात सोडलेल्या रसायनांनी उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वास घेणे मुश्कील केले होते. अशा नदीकाठी जुन्या बोर्डांचा धंदा वाढवा म्हणणे धाडसाचे आहे. पण विष तयार होते ते बोर्ड ॲसिडमध्ये बुडवताना आणि वायरी जाळताना. स्क्रूड्रायव्हर आणि मीटरच्या कामात ते होत नाही. सोल्डरचा धूर तेवढा बाहेर काढावा लागतो. धोका असा की हेच दुकान उरलेला मेलेला बोर्ड ॲसिडवाल्याला विकू शकते. त्यामुळे उरलेल्या मालाची पावती अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडूनच आली पाहिजे. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत दुरुस्ती करून पुन्हा विकणाऱ्यांना स्वतंत्र नोंदणी आहे आणि त्यांच्या प्रमाणपत्रावर उत्पादकाची जबाबदारी पुढे ढकलता येते. एका गाळ्यातल्या कारागिराला ही कागदपत्रे झेपणार नाहीत. दहा-वीस गाळ्यांनी एकत्र येऊन संस्था काढली तर झेपतील.

जुने यंत्र वीज जास्त खाते, हा आक्षेप काही यंत्रांबाबत मान्य करावा लागतो. पेंटियम 4 किंवा शिसे असलेल्या काचेचा जुना मॉनिटर पुन्हा घरात आणण्यात अर्थ नाही. पण लॅपटॉपच्या सगळ्या आयुष्यातल्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो कारखान्यातून बाहेर पडण्याआधीच होऊन गेलेला असतो, त्यामुळे सात-आठ वर्षांच्या यंत्राला तो न्याय लावता येत नाही. डिस्कमधल्या खासगी माहितीची भीती मात्र रास्त आहे. फाइल डिलीट केल्याने ती पुसली जात नाही. पूर्ण डिस्कवर नव्याने लिहून ती पुसावी, आणि ज्याला तेवढाही विश्वास नाही त्याने डिस्क स्वतःकडे ठेवून बाकी यंत्र द्यावे.

घाई करण्याचे कारणही समोर आहे. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित आधार संपला, आणि इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे जवळजवळ सगळे संगणक विंडोज 11 च्या अटींबाहेर आहेत. कार्यालयांतून ते गठ्ठ्याने निघतील. त्यांतल्या पुष्कळ यंत्रांवर लिनक्स उत्तम चालते. जी खोलावी लागतील, त्यांतल्या सातव्या पिढीच्या डेस्कटॉपची डीडीआर4 रॅम बाराव्या पिढीच्या डीडीआर4 बोर्डातही बसते.