खिडक्यांचा कारभारी आणि जुहूची देवनागरी

युनिक्स वर्कस्टेशनच्या पडद्यावर चित्र उमटवतो तो एक्स सर्व्हर. खिडक्यांना चौकट घालणं, सरकवणं, मिटवणं हा कारभार मात्र विंडो मॅनेजरचा. एक्स एमआयटीत १९८४ साली जन्मला. १९८७ची अकरावी आवृत्ती अजून चालते. कारभारी वेगळा ठेवल्याने ‘टीडब्ल्यूएम’ आवडला नाही तर ‘एमडब्ल्यूएम’ लावा, आतला प्रोग्राम तसाच!

देवनागरीचे मात्र हाल. ‘कि’ टंकताना क आधी, वेलांटी नंतर. पडद्यावर क्रम उलटा. मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संशोधन संस्थेने ‘इंडिक्स’ या प्रकल्पात अक्षरांची ही जुळणी थेट एक्सच्याच पातळीवर बसवली, म्हणजे प्रत्येक प्रोग्रामला ती वेगळी शिकवायला नको. युक्ती चलाख होती, पण रुळली नाही. लिनक्सवर हे काम शेवटी पँगो, हार्फबझ यांसारख्या लायब्रऱ्यांकडे गेलं.