बाटलीवरचा त्रिकोण आणि त्वचेची परीक्षा

जामखेडच्या कृषी सेवा केंद्रांत उडीद, तूर, सोयाबीन किंवा कांद्यासाठी जे औषध, म्हणजे कीटकनाशक वा तणनाशक, विकले जाते, त्याच्या प्रत्येक बाटलीवर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या त्रिकोणात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग भरलेला असतो. हा रंग प्राणघातक मात्रेवरून ठरतो, म्हणजे प्रयोगातील निम्मे प्राणी दगावण्यास शरीराच्या दर किलो वजनामागे किती द्रव्य लागते यावरून. तोंडावाटे 1 ते 50 मिलिग्रॅम पुरेसे असल्यास लाल, 51 ते 500 असल्यास पिवळा, 501 ते 5000 असल्यास निळा आणि त्यापुढे हिरवा, अशी ही प्रतवारी असून त्वचेवाटे शरीरात जाणाऱ्या विषासाठीही तशीच वेगळी मोजपट्टी आहे. मात्र तेच द्रव्य हातावर सांडल्यास त्वचेची आग होईल, ती सुजेल की जळेल, हे त्रिकोणाच्या रंगावरून कळत नाही. त्यासाठी स्वतंत्र परीक्षा घेतली जाते आणि तिचा निष्कर्ष माहितीपत्रकातील सूचनांत उतरतो.

या परीक्षेची आजची पद्धत जॉन ड्रेझ या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या कामातून आली. 1933 मध्ये अमेरिकेत पापण्यांना लावण्याच्या एका रंगाने काही स्त्रियांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली, 1938 मध्ये तेथे अन्न, औषधे व प्रसाधने यांचा नवा कायदा झाला, आणि 1944 मध्ये ड्रेझ व त्याच्या सहकाऱ्यांनी सशांच्या त्वचेवर व डोळ्यांवर होणारा दाह गुणांकात मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. भारतात 1958 मध्ये केरळात पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झालेले अन्न खाऊन शंभरावर माणसे दगावली. पुढे 1968 चा कीटकनाशक कायदा आला आणि विक्रीपूर्वी नोंदणी, तसेच नोंदणीसाठी विषारीपणाची माहिती देणे बंधनकारक झाले. या माहितीत सशाच्या त्वचेवरील दाहाची चाचणीही असते, आणि ती मूळ रसायनाप्रमाणेच बाजारात येणाऱ्या तयार मिश्रणाचीही करावी लागते, कारण मिश्रणातील द्रावक मूळ विषापेक्षा अधिक दाहक असू शकतात.

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या 404 क्रमांकाच्या मार्गदर्शिकेनुसार ही चाचणी पांढऱ्या सशावर होते. आदल्या दिवशी पाठीवरचे केस कापून, सुमारे 6 चौरस सेंटिमीटर जागेवर 0.5 मिलिलिटर द्रव किंवा 0.5 ग्रॅम घन पदार्थ लावून त्यावर जाळीदार कापडाची पट्टी 4 तास बांधतात. ती काढल्यावर 1, 24, 48 आणि 72 तासांनी लाली व सूज यांना प्रत्येकी 0 ते 4 गुण देतात आणि झालेली इजा भरून येते की नाही हे पाहण्यासाठी गरजेनुसार 14 दिवसांपर्यंत निरीक्षण करतात. तीनपैकी निदान दोन सशांत लालीची किंवा सुजेची सरासरी 2.3 किंवा त्याहून अधिक आली, तर द्रव्य दाहक ठरते. त्वचा कायमची नष्ट झाली तर ते क्षरणकारी, म्हणजे त्वचा जाळणारे, मानले जाते. सामू 2 किंवा त्याहून कमी, अथवा 11.5 किंवा त्याहून अधिक असलेले द्रव्य त्वचा जाळणार हे आधीच अपेक्षित असल्याने तशा वेळी प्राण्यावर प्रयोग करण्याची गरज सहसा उरत नाही.

या निष्कर्षाला मर्यादाही आहेत. सशाची त्वचा माणसाच्या त्वचेपेक्षा पातळ व अधिक शोषक असल्याने ती काही द्रव्यांचा दाह वाढवून दाखवते. उलट सायपरमेथ्रिन किंवा लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन यांसारख्या पायरेथ्रॉइड गटातील औषधांमुळे फवारणाऱ्याच्या चेहऱ्यावर मुंग्या येतात, चुणचुण होते, पण लाली वा सूज नसल्याने हा त्रास त्या गुणांकात बसत नाही. चाचणीतील स्पर्श 4 तासांचा असतो, तर पाठीवरच्या पंपातून गळलेल्या औषधाने भिजलेला सदरा अंगावर दिवसभर राहतो आणि ऊन व घाम यांमुळे शोषण वाढते. शिवाय दाह न करणारे विषही त्वचेतून शरीरात शिरू शकते, त्यामुळे आग झाली नाही म्हणजे धोका नाही असे समजणे चुकीचे ठरते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील फवारणीत शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले, तेव्हा विष शरीरात जाण्याच्या अशा वाटांचा प्रश्न साऱ्या राज्यासमोर उभा राहिला.

प्रयोगातील प्राण्यांच्या वेदनेचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. 1959 मध्ये रसेल आणि बर्च यांनी प्राण्यांऐवजी पर्याय, संख्येत घट आणि वेदनेत घट ही तीन तत्त्वे मांडली. भारतात 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील समिती अशा प्रयोगांवर देखरेख करते आणि 2014 पासून प्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी बंद आहे, मात्र ही बंदी कीटकनाशकांना लागू नाही. दरम्यान मानवी पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्वचेच्या थरावर द्रव्य लावून किती पेशी जिवंत राहतात हे मोजण्याची पद्धत 2010 मध्ये 439 क्रमांकाच्या मार्गदर्शिकेने मान्य केली. तीत जिवंत पेशींचे प्रमाण 50 टक्के किंवा त्याहून कमी राहिल्यास द्रव्य दाहक मानले जाते. जेथे ही पद्धत विश्वसनीय उत्तर देते, तेथे सशाला वेदना देण्याचे समर्थन करता येत नाही.

परंतु उत्तर सशाकडून मिळो वा पेशींकडून, ते फवारणाऱ्यापर्यंत पोहोचले नाही तर व्यर्थ आहे. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाने हे सिद्ध केले की, शाळेची पायरी न चढलेल्या स्त्रियाही आरोग्याचे ज्ञान आत्मसात करून घरोघर नेऊ शकतात. औषधाच्या माहितीपत्रकातील ज्ञानही त्याच वाटेने जाऊ शकते. चाचणीत बहुधा न पातळ केलेले द्रव वापरतात, म्हणून तिचा इशारा सर्वाधिक लागू पडतो तो औषध मोजताना व पाण्यात मिसळताना. त्या वेळी रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. अंगावर सांडल्यास भिजलेले कपडे ताबडतोब उतरवावेत, साबण व भरपूर पाण्याने त्वचा धुवावी आणि दवाखान्यात जाताना बाटलीवरील वेष्टन सोबत न्यावे. नियमानुसार माहितीपत्रक प्रादेशिक भाषेतही छापावे लागते; तेव्हा प्रत्येक शेतकऱ्याने दुकानदाराकडून मराठी पत्रक मागून घ्यावे आणि फवारणी करणाऱ्या मजुराला ते आधी वाचून दाखवावे.