‘क्लीन आवाज आहे तसाच राहतो’ म्हणे!

अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही जॅमरूममध्ये जा, कोणीतरी हे ऐकवतोच: “पॅरललमध्ये लाव रे, क्लीन आवाज आहे तसा राहतो, वर इफेक्ट मिळतो.” जास्त वैताग याचा येतो, की यातलं अर्धं खरं आहे.

गिटारचे इफेक्ट पेडल सिरीजमध्ये जोडले, की एकाचा सगळा सिग्नल पुढच्यात शिरतो. पॅरललमध्ये त्याला फाटा फुटतो आणि शेवटी दोन्ही वाटा मिसळतात. यात नवं काही नाही. मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहात ऑर्केस्ट्रा असो की बोरिवलीच्या मैदानात गरबा, गायकाचा कोरडा आवाज थेट स्पीकरकडे जातो आणि ऑक्स सेंडने काढलेला थोडा भाग रिव्हर्बमधून फिरून परत येतो. कोरसही तसाच बनतो: बॉसच्या १९७६च्या सीई-१मध्ये कोरड्या सिग्नलला त्याचीच हलती प्रत जोडली जाते. कोरडा काढला की उरतो नुसता व्हायब्रॅटो.

पण ‘आहे तसा’? मिसळणं म्हणजे बेरीज, आणि ऋण संख्याही बेरजेत येतात. एकाच ट्रान्झिस्टरचा बूस्टर बहुधा सिग्नल उलटा करतो. एकटा वाजवला तर कानाला काही कळत नाही. क्लीनमध्ये मिसळला, की दोन्हीकडचे खर्ज एकमेकांना खातात. डिस्टॉर्शनने नव्याने जन्माला घातलेली हार्मोनिक्स क्लीनमध्ये नसतातच, म्हणून ती तेवढी शाबूत. परिणाम: तळ गायब, वर नुसती फसफस. आणि बासवाले तर तळ टिकावा म्हणूनच पॅरललकडे वळतात!

डिजिटल पेडलची तऱ्हा वेगळी. सिग्नल आत जाऊन बाहेर यायला एखादा मिलिसेकंद सहज लागतो. “एवढ्याने काय होतं?” हिशेब करा. दोन वाटा सारख्याच जोराच्या असतील, तर १ मिलिसेकंदाच्या उशिराने ५००, १५००, २५०० हर्ट्झ पुसले जातात आणि १०००, २००० दुणावतात. पहिल्या तारेच्या सातव्या पडद्यावरचा सूर ४९४ हर्ट्झचा. त्याचा पायाच जातो, दुसरं हार्मोनिक फुगतं आणि सूर सप्तकभर वर उडाल्यासारखा वाटतो. मग गिटारचं सेटिंग बिघडलं म्हणून दुरुस्तीवाल्याकडे धाव. लांब डिले किंवा रिव्हर्बला हा त्रास जवळपास नाही, तिथे खुशाल मिसळा. फक्त पेडलचा मिक्स पूर्ण वेटवर, म्हणजे नुसत्या इफेक्टवर ठेवा, नाहीतर त्याचा कोरडा सिग्नलही मागच्या दाराने आत येतो.

“वाय-केबलने फोडायचं, वाय-केबलनेच जोडायचं.” फोडणं एक वेळ चालेल, जरी दोन १ मेगओमच्या इनपुटचा मिळून पिकअपवर ५०० किलोओमचा भार पडून आवाज थोडा बोथट होतो. जोडणं मात्र नाही: दोन आउटपुट एकमेकांवरच भार टाकतात. मिक्सर लागतोच.

“बॉसचा एलएस-२ घेतला की सगळं सुटलं.” मिसळण्याचं काम तो चोख करतो, उलटा सिग्नल सुलटा करायचं बटण त्याच्यावर नाही.

“जोडल्यावर आवाज भरदार झाला.” एकसारखे दोन सिग्नल जोडले तर ६ डेसिबल वाढतातच, आधी आवाज तेवढा उतरवा, मग ऐका.

“मी दोन वाटा डाव्या-उजव्या टाकतो, मला काही होत नाही.” हेडफोनवर नाही होणार. छोट्या कार्यक्रमात साउंडवाला दोन्ही वाटा मोनो करतो, तेव्हा होतं.