लेपातील पारद आणि ग्राहकाचा हक्क

पापण्यांवर व पायांवर सूज घेऊन आलेल्या तरुणीला आपण आहारविहार विचारतो, मूत्राविषयी विचारतो, घेतलेल्या औषधांची यादी मागतो. ती चेहऱ्याला काय लावते, हे मात्र बहुधा विचारले जात नाही. केरळातील कोट्टक्कल येथील वृक्कतज्ज्ञांनी ते विचारले. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांच्याकडे नोंदलेल्या मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीच्या २२ रुग्णांपैकी १५ जणांचा विकार नेल-१ या प्रथिनाशी निगडित असा विरळा निघाला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाचे मलम वापरल्याचे सांगितले. आपल्या अकोल्यात एकाच कुटुंबातील तिघींच्या वृक्कविकाराचे कारण अशाच मलमातील पारा असल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीतून पुढे आल्याचे वृत्त २०२३ च्या आरंभी प्रसिद्ध झाले होते.

त्वचेचा वर्णक तयार होण्यासाठी टायरोसिनेज नावाचे विकर लागते व त्या विकराला तांबे लागते. पारा ही तांब्याची जागा बळकावतो, वर्णक घटतो, काही आठवड्यांत चेहरा उजळतो. मलम थांबवताच रंग पुन्हा गडद होतो, म्हणून गिऱ्हाईक दुकानी परत येते. दरम्यान पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून वृक्कात साठत जातो.

लावलेले द्रव्य वरच्यावर राहते, असे आपल्या शास्त्राने कधीच मानले नाही. अभ्यंग, परिषेक, अवगाह व लेप यांतील द्रव्यांचे पचन भ्राजक पित्त करते, असे सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात स्पष्ट सांगितले आहे. चरकोक्त वर्ण्य गणातही चंदन, उशीर, मंजिष्ठा, सारिवा अशी द्रव्ये आहेत, पारद नाही. वर्ण्य म्हणजे गोरे करणारे, हा अर्थ अलीकडच्या जाहिरातींनी चिकटवलेला आहे.

कायदा नाही असे नव्हे. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये अनुसमर्थन दिले. डिसेंबर २०२० मध्ये अधिसूचित झालेल्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतर प्रसाधनांत अजाणता आलेला पाराही दशलक्ष भागांत एक भागापेक्षा अधिक चालत नाही. करारातील देशांनी २०२३ मध्ये जिनिव्हात आणखी पुढे जाऊन पारायुक्त प्रसाधने पूर्णतः बंद करण्यासाठी २०२५ ही मुदत ठरवली. तरीही आयात केलेल्या, परवाना क्रमांक नसलेल्या डब्या सौंदर्यालयांतून खपतात. हे काम अन्न व औषध प्रशासनाचे आहे, त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही.

आमची चिंता आहे ती आपल्या अंगणातून जाणाऱ्या वाटेची. २०१० मध्ये औषध नियमांत आलेल्या नियम १५८-ब ने आयुर्वेदीय औषधांत ‘सौंदर्यप्रसाधक’ हा वर्ग मान्य केला. त्या वर्गातील मलमाला परवाना मिळतो तो आयुर्वेदीय औषध म्हणून, प्रसाधन म्हणून नव्हे. वनस्पतिज आयुर्वेदीय औषधांत जड धातूंची तपासणी जानेवारी २००६ पासून सक्तीची झाली, पण ती निर्यातीच्या मालापुरती. परक्या त्वचेला प्रयोगशाळा आणि घरच्या त्वचेला विश्वास, असा हा न्याय.

नेल-१ चा संबंध केवळ मलमांशी नाही, पारायुक्त पारंपरिक औषधांशीही आहे, हे २०२२ मध्ये भारतीय रुग्णांवरील अभ्यासात दाखवण्यात आले. त्यावर आपल्यातील अनेकांनी रसशास्त्राच्या बचावाची भाषा केली. शोधन, मारण, मात्रा, अनुपान यांचे महत्त्व आम्हीही मानतो. परंतु तसे मानणाऱ्या वैद्याने हिंगूळयुक्त कल्प सुरू करण्यापूर्वी व नंतर मूत्रातील प्रथिने तपासली तर त्यात रसशास्त्राचा अवमान कोणता? रसकर्पूर तर अनुसूची ई-१ मध्ये विषद्रव्य म्हणून नोंदलेले आहे. ते असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. मलमाच्या बेनामी डबीवर अशी एकही ओळ नसते.

वैद्यबंधुभगिनींना विनंती अशी की, सुजेच्या रुग्णाला डबी फेकायला न सांगता घेऊन यायला सांगावे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६ नुसार विकत घेतलेले प्रसाधन कोणीही ग्राहक शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. मात्र त्याच डबीवर आयुर्वेदीय परवाना असेल, तर हे दार बंद होते. कलम ३३-अ ने चौथे प्रकरण आपल्या औषधांना लागू ठेवलेले नाही आणि कलम ३३-ह ने त्यातील २२ ते २५ एवढीच कलमे पुन्हा आणली, २६ नाही. ते कलम आयुर्वेदीय औषधांनाही लागू करावे, ही मागणी आयुष मंत्रालयाकडे आपल्या संघटनेनेच, अन्य कोणी करण्यापूर्वी, लेखी करावी असे आम्हांस वाटते.