बर्फाखालचा तळ आणि संगणकातला चौकोन

मुळशीत बसून ध्रुवांवरच्या समुद्राबद्दल बोलायचं म्हणजे लांबचा विषय वाटेल. पण इथून जवळच, पाषाणला, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथे घडवलेलं पृथ्वी प्रणाली प्रारूप हे सीएमआयपी-६ या जागतिक प्रकल्पात उतरलेलं पहिलं भारतीय प्रारूप. त्यात आपला मान्सून आहे, तसाच ध्रुवीय समुद्र आणि त्यावर तरंगणारा बर्फही आहे.

आता, संगणकात समुद्र बसवायचा कसा? पृथ्वीवर चौकोनांची जाळी टाकायची. प्रत्येक चौकोनाला तळाची एकच खोली द्यायची आणि वरपासून खालपर्यंत पाण्याचे थर करायचे. अशा प्रारूपांत चौकोन सहसा एक अंशाच्या आसपास असतो. एक अंश अक्षांश म्हणजे १११ किलोमीटर. आपल्या तालुक्याचंच बघा. ताम्हिणीचा पाऊस आणि हिंजवडीचा पाऊस यांत किती अंतर! पण एवढ्या चौकोनात दोन्ही एकत्र मिसळतात. सरासरी निघते, पण ताम्हिणी हरवते.

समुद्रतळाचंही तसंच होतं. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळच्या उथळ तळावर, जुन्या हिमनद्यांनी कोरलेल्या खोल घळी आहेत. बाहेरच्या समुद्रातलं खोलवरचं, शून्य अंशाच्या किंचित वर असलेलं पाणी या घळींतून आत शिरतं. शून्याच्या वर म्हणजे काय गरम? तर हो, समुद्राचं पाणी उणे १.८ अंशाच्या आसपास गोठतं. त्या मानाने हे पाणी चांगलंच उबदार. ते हिमनदीच्या तरंगत्या टोकाला खालून वितळवतं. घळ सरासरीत बुजली की प्रारूपात ही वाटच बंद! म्हणून आपण मंडळी कधी कधी जाळीतले चौकोन एकेक तपासून खोली हाताने दुरुस्त करतो.

पण खरी खोली कळते कशी? मुळशी धरणाचा तळ पूर्वी जमीन होता, तिथे गावं होती, शेतं होती. पाणी भरण्याआधी तो मोजता आला. ध्रुवीय समुद्राला ती सोय नाही. जहाजातून ध्वनी सोडायचा आणि प्रतिध्वनी ऐकायचा. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. चार सेकंदांनी परत आला, तर खोली ३००० मीटर. मात्र जिथे बर्फ दाट, तिथे जहाज पोचत नाही. म्हणजे जो तळ कळायला हवा, तोच झाकलेला!

बर्फ आणि तळ यांचं आणखी एक नातं आहे. पाणी गोठताना बरंचसं मीठ बाहेर टाकतं. खालचं पाणी खारट, जड होतं, बुडतं आणि तळाच्या उतारावरून वाहत जातं. म्हणून प्रारूपात बर्फाची जाडी, त्यावरचं हिम, वाऱ्याने होणारी हालचाल हे सगळं लिहावं लागतं. तळ चुकला तर पाण्याची वाट चुकते, आणि पाणी चुकलं तर बर्फही चुकतो.

उत्तर खरं आहे का, हे मोजमापच सांगतं. जुलै २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्डमधल्या कोंग्सफ्योर्डन खाडीत, सुमारे १९२ मीटर खोलीवर, भारताने 'इंडआर्क' ही वेधशाळा पाण्याखाली ठेवली. गोव्याचं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र त्यात सहभागी होतं.

आपल्याला याचं काय? तरंगता समुद्री बर्फ वितळला तरी पाणीपातळी फारशी वाढत नाही. पेल्यातल्या बर्फासारखंच ते. पण हिमनदीचं तरंगतं टोक झिजलं की मागचा जमिनीवरचा बर्फ समुद्रात लवकर सरकतो, आणि पातळी वाढते. ती मुंबईला आणि कोकणपट्टीला भोगावी लागणार. किती आणि केव्हा, याचं उत्तर त्या न मोजलेल्या घळींवर बरंच अवलंबून आहे.

इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.