वर्गातली लुटुपुटीची पेढी

जालन्याच्या मोंढ्यात कीर्द-खतावणी म्हणजे काय, हे मी सांगावे असे नाही. म्हणूनच विद्यार्थ्यांकडून संगणकावर लुटुपुटीची पेढी उभारून घ्यायची तर आरंभ यंत्रापासून नव्हे, वहीपासून करावा. अडत्याच्या खात्यात शंभर रुपये आहेत. मोसंबीच्या पट्टीचे चाळीस बागवानाला द्यावयाचे आहेत. मुले दोन आज्ञा लिहितात : अडत्याचे चाळीस वजा, बागवानाचे चाळीस जमा. शिक्षकाने नेमके या दोहोंच्या मध्येच यंत्र बंद करावे! अडत्याचे साठ उरले, बागवानाला छदाम नाही. मग चाळीस गेले कोठे?

2016 साली सुरू झालेल्या यूपीआयवर ‘कापले, पण पोचले नाहीत’ हा अनुभव आपणांपैकी पुष्कळांना आला असेल. एकाच पेढीत उपाय सोपा : दोन्ही नोंदी होतील, नाहीतर एकही नाही. पेढ्या दोन असल्या की तेवढ्याने भागत नाही. कापलेली रक्कम परत जमा करणारी उलट नोंद लागते; आणि एकच निरोप दोनदा आला तर फसगत नको, म्हणून प्रत्येक व्यवहाराला क्रमांक द्यावा लागतो.

संध्याकाळी साऱ्या खात्यांची बेरीज सकाळइतकीच आली पाहिजे. न आल्यास चूक सापडेपर्यंत मुलांनी पेढी उघडायची नाही.