मनगटावरचे विमान आणि कारागिरांची यादी

कामगारांच्या सभा घेणाऱ्या माणसाने लाखालाखाच्या मनगटी घड्याळांवर बोलावे याचे काहींना नवल वाटले असेल. पण ज्याला आपला वेळ विकून पोट भरावे लागते, त्याची घड्याळाशी ओळख इतरांहून लवकर होते.

प्रथम यंत्र पाहू. चावीच्या घड्याळात एक पातळ पट्टी गुंडाळून डबीत कोंडलेली असते. ती सुटू पाहते, आणि तिचा जोर दातेरी चाकांच्या माळेतून पुढे जातो. शेवटच्या चाकाला एक लहानसा अडसर एकेक दात मोजून सोडतो. अडसराला ताल देते ते केसासारख्या कमानीवर झुलणारे तोलचक्र. आपण ऐकतो ती टिकटिक या अडसराची. सेलच्या घड्याळात हेच काम क्वार्ट्झ स्फटिकाचा तुकडा करतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. उत्तम चावीचे घड्याळ दिवसाला चारपाच सेकंद चुकते, सेलचे साधे घड्याळ महिन्याला पंधरावीस. म्हणजे स्वस्त घड्याळच अधिक खरे!

पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ जपानच्या सैकोने २५ डिसेंबर १९६९ रोजी विक्रीस आणले. १९७० साली स्वित्झर्लंडच्या घड्याळधंद्यात सुमारे ९०,००० माणसे होती. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास ती ३०,००० च्या थोडी वर उरली. १९८२ च्या संपानंतरचे गिरणगाव ज्याने पाहिले, त्याला या आकड्यांचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही.

जे वाचले त्यांनी वेळ विकणे सोडून हातकाम विकायला सुरुवात केली. त्यातूनच नव्या तऱ्हेची घड्याळे निघाली. १९९७ साली ‘उर्वेर्क’ आली. तिच्या घड्याळात तासाचे आकडेच फिरत्या उपग्रहांसारखे मिनिटांच्या पट्टीवरून सरकतात. दिसायला पुढच्या शतकातली ही युक्ती मुळात सतराव्या शतकातील रोमच्या एका रात्रघड्याळाची! २००५ साली माक्सिमिलियन ब्यूसर याने जिनीव्हात ‘एमबी अँड एफ’ काढली. त्याची आई भारतीय. तिचे २०१० चे ‘थंडरबोल्ट’ म्हणजे मनगटावर बसवलेले जेट विमानच. टायटॅनियम आणि सफायर काच यांच्या अंगाला दोन इंजिने. एकात तास-मिनिटे दिसतात, दुसऱ्यात चावी किती उरली ते. ब्यूसरला लहानपणी विमानांच्या प्रतिकृती जोडण्याचा नाद होता. किंमत लाख डॉलरांच्या वर.

अशी घड्याळे मोजकीच का काढतात? निम्मे कारण खरे आहे. आतल्या पट्ट्यांच्या कडा कारागीर हाताने तिरक्या तासतो, आणि जेन्शियन या डोंगरी झाडाच्या काडीने घासून त्यांना चकाकी आणतो. एवढ्या बारीक कामाला घाई चालत नाही, आणि असे हात तयार व्हायला वर्षे जातात. उरलेले निम्मे कारण व्यापाऱ्याचे: टंचाई दाखवली की भाव चढतो. रेशनच्या रांगेत उभे राहिलेल्यांना ही विद्या नवी नाही.

मला मात्र या कंपनीची दुसरीच गोष्ट लक्षात घेण्याजोगी वाटते. मार्क्सने १८६७ च्या ‘भांडवल’ ग्रंथात श्रमविभागणी समजावताना घड्याळाचाच दाखला घेतला. कमान करणारा, तबकडी करणारा, काटे करणारा, स्क्रू करणारा, मुलामा देणारा, अशी भलीमोठी यादी तो देतो, आणि ज्यूरा डोंगरातील ला शो-द-फों या गावाला एक प्रचंड कारखानाच म्हणतो. त्या यादीत धंदे आहेत, माणसे नाहीत. धंद्याची रीतच ती. तबकडीवर नाव मालकाचे. ब्यूसरच्या कंपनीच्या नावातला ‘एफ’ म्हणजे मित्र. प्रत्येक नव्या घड्याळाबरोबर ती कारागिरांची यादी छापते: चाके कोणी कापली, काच कोणी घडवली, जुळणी कोणी केली, पट्टा आणि पेटी कोणाची, सारे नावानिशी. ही यादी जाहिरातीच्याही कामी येते, हे उघड आहे. तरी आमच्याकडे तीस वर्षे एकाच लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाचे नाव हजेरीपटाबाहेर कुठे छापलेले मी पाहिलेले नाही. या यादीत मजुरीचा रकाना असायला हवा होता; तो नाही.